कवड्यांचा कमरपट्टा

१८ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

आज काहीच शिवलं नाही. पट्ट्याच्या आत घालायचं ताठ कापड, बकरम, आणायला निघालो आणि अस्वलवाल्याच्या मागं वेशीपर्यंत गेलो. अस्वल लई म्हातारं. डमरू वाजला तरी उठेना. टँकरच्या रांगेतल्या एका बाईनं त्याला तांब्याभर पाणी पाजलं तर बाकीच्या तिच्यावर धावून आल्या. बघत बसलो. परत आलो तोवर दुकानाची फळी लागलेली.

उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी

बकरम मिळालं! माझा दोस्त वीरप्पा, त्याच्या वडलांच्या शिवणाच्या दुकानात गेलो होतो. त्याचे वडील, बसप्पा मास्तर, मशीनवर चड्ड्या शिवत होते.

"कुणाचं माप?"

"माझंच."

चष्म्यावरनं बघितलं. "गणपतीत लुगडं नेसून नाचतोस ते कमी झालं व्हय? आता काय नवीन?"

म्हणलं, अरबी नाच. कंबर नुसती थरथरवायची. वर चोळी, खाली घेराचा झगा, मधी पोट उघडं.

"यप्पा! पोट उघडंच ठेवायचं तर कापड कशाला मागतोस?"

गिऱ्हाइकं हसली. मी पण हसलो. पण मास्तर माणूस चांगला. काळ्या साटीनचा तुकडा उरेब, म्हणजे तिरका, कापून दिला — सरळ कापला असता तर कमरेवर घडी पडली असती म्हणे. आणि एक सांगितलं ते लिहून ठेवतो : कमरपट्ट्याचं माप कमरेवर घ्यायचं नाही. खाली, हाडावर घ्यायचं. कमरेचं माप भाकरीबरोबर बदलतं, हाडाचं बदलत नाही.

हा नाच मी उमरग्याला इस्माईलच्या घरी व्हिडिओवर बघितला. त्याचा भाऊ मस्कतला असतो, त्यानं कॅसेट आणलेली. सगळी पोरं त्या बाईकडं बघत होती. मी कमरपट्ट्याकडं! एकेक लडी वेगळी हलत होती. कशी बांधली असतील? तीनदा मागं फिरवून बघितलं. चौथ्यांदा इस्माईलनं हाकलून दिलं.

६ एप्रिलला कारखान्याच्या कामगार सोसायटीचा कार्यक्रम आहे. ऊस वाळला, हंगाम लवकर संपतोय, तरी कार्यक्रम होणारच म्हणतात. वीरप्पा तिथं वर्कशॉपला आहे. त्यानं माझं नाव देऊन टाकलं — "मच्छिंद्र, अरबी नृत्य." आता मागं फिरता येत नाही.

खरं सांगायचं तर मी आजवर काहीच पुरं केलेलं नाही. नववी अर्धी. तंबू टॉकीजवर सहा महिने. ट्रकवर क्लीनर — गाडी हैद्राबादेत बंद पडली आणि मी तिथंच उतरून फिरत राहिलो. दादांच्या, म्हणजे वडलांच्या, हाताखाली गवंडीकाम तर मनात आलं तेव्हाच. हे एक पुरं करायचं. सहा एप्रिलला अंगावर पाहिजे.

२३ फेब्रुवारी

आत्याला दाखवलं. रोजगार हमीच्या कामावरनं खडी फोडून आलेली, तळहाताला फोड. तरी हात धुऊन लगेच बघायला बसली. वाकळ शिवण्यात तिचा हात गावात कुणाला यायचा नाही.

चोळी हातात धरली, उलटी केली, सुलटी केली. "आन ह्यात भरणार काय? तूर का सरकी?"

"कापूस."

"भरपूर भर. दुष्काळातलं पीक वाटाय नको."

मी हसून हसून लोळलो. आत्या हसत नाही, नुसत्या नाकपुड्या हलतात.

मी टिकल्या कडेनं टाचत होतो. ती म्हणाली, अशानं आठ दिवसात सगळ्या झडतील. तिनं दाखवलं. सुई टिकलीच्या भोकातनं वर काढायची, बारीक मणी ओवायचा, परत त्याच भोकातनं खाली. मणी टिकलीला धरून ठेवतो, दोरा दिसतच नाही. आणि दर पाच टिकल्यांना गाठ — दोरा तुटला तर पाचच जातील.

"इतकं कुठं शिकलीस?"

"शिकाय लागतं व्हय? डोळं हायेत की."

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा. तेव्हापासनं घरात आत्याच. तिचं लग्न झालं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही. घराला जसा खांब असतो तशी ती आहे. खांबाला कोण विचारतं!

दादा आले आणि भाकरी खाऊन बाहेर जाऊन बसले. चोळीकडं बघितलं सुद्धा नाही.

२ मार्च

टिकल्या संपल्या. बोटाला चौदा भोकं.

६ मार्च

कमरपट्टा बांधून बघितला. दिसतो झकास. पण मुका! टिकल्या हलक्या, लड्या हलतच नाहीत. कंबर हलवली तर लड्या ओल्या धुण्यासारख्या चिकटून बसतात. वजन पाहिजे. आवाज पाहिजे. आत्या म्हणाली, "काचंचे मणी लाव." फुटले तर? तळपायात जातील.

सोलापूरला जाऊन बघतो काय मिळतंय.

९ मार्च, रविवार

काय दिवस गेला! सोलापुरात टिकल्या घेतल्या, हुक घेतले, एक बासरीवाला बघितला, वजनाचं तेवढं विसरलो. येताना जळकोटपर्यंत जाणारा ट्रक मिळाला. ड्रायव्हर म्हणाला तुळजापूरवरनं जाऊ, माझा नवस आहे. तो गेला देवळात. मी बाहेर. आपण जात नाही. दादा तर एस्टीत बसले असले तरी त्या बाजूला मान वळवत नाहीत.

बाजारात फिरत होतो. एका दुकानात कवड्यांचा ढीग. सहज हात घातला — खळ्ळ! असा आवाज! परत घातला. वजन पण बरोबर, ना जड ना हलकं.

दुकानातली बाई म्हणाली, "परडी पण देऊ का?"

"नको. नुसत्या कवड्या."

"नुसत्या कशाला रे बाबा?"

"शिवायच्यात."

तिनं एक कवडी कपाळाला लावली आणि मग मापात टाकली.  ज्यांना देव आहे त्यांना ती देवीची कवडी. आपल्याला देव नाही. मग आपल्याला ते समुद्रातलं शिंपलंच की! सगळी वाट खिशात हात घालून आवाज ऐकत आलो.

११ मार्च

आत्या हमीवर, दादा कामावर. दोन दिवस दार ओढून बसलो. कवडीची पाठ दगडावर घासायची, पाठ उडाली की दोरा आरपार जातो. घासून घासून अंगठा सोलला. एका लडीला तीन कवड्या, वर मणी. दर लडीला आत्याची गाठ.

दुपारी झालं. बांधलं. टेप नव्हता, तोंडानंच ठेका धरला. एक झटका दिला आणि काय वाजलं! उजवीकडं दिला तर उजवीकडचं आधी, मग डावीकडचं मागनं. कॅसेटमधल्या बाईच्यापेक्षा भारी.

खुंटीला लावून ठेवलंय. आत्या आली की दाखवायचं. चकित होईल!

१२ मार्च

काल दाखवलं. म्हणजे दाखवायची वेळच आली नाही. ती आत आली, पाटी टेकवली, खुंटीकडं बघितलं. मी पट्टा काढून हलवला. "ऐक की!"

तिचा हात डोक्यावर गेला. केसांवर. चाचपडल्यासारखा. मग बाहेर जाऊन दगडावर बसली. भाकरी मीच केल्या. खाल्ली नाही.

"पोट उघडं म्हणून राग आला का?"

"न्हाय."

"मग?"

"आत ठेव ते."

१४ मार्च

आत्या बोलत नाही. कामाला जाते, येते, झोपते. माझ्या शिवणाला हात लावत नाही. घरात कुणी पाय घासून चाललं तरी दचकून बघते.

१५ मार्च

आज कळलं. लिहावं का नको असं झालंय. लिहितो.

दादांनी मला कामावर बोलावून घेतलं. विटा द्यायला नाही. सावलीला बसवलं. चुना लागलेले हात तसेच.

"तुझी आत्या, माझी अक्का, सात वर्षाची होती," म्हणाले. "डोक्यात जट आली. देवीचं बोलावणं हाय म्हणून सोडली तिला देवीला. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन पाच घरं मागायची. गळ्यात कवड्याची माळ. जत्रंत नाचवायचे. पाय सुजायचे तरी म्हणायचे देवी खेळतीया. अक्काला नको म्हणायची सोय नव्हती."

मी त्यांच्या हातांकडं बघत होतो.

"धम्माची दीक्षा घेतली त्या सालाला जट म्या कापली. ह्या हातानं. कवड्या विहिरीत टाकल्या. तवापासनं आपल्या घरात कवडी न्हाय. नाच बी न्हाय. तू वीरप्पाच्या गल्लीत लुगडं नेसून नाचतोस — म्या डोळे झाकले. तरणं पोर हाय म्हणलं. आन तू घरात आणून तिच्या कानापाशी वाजवलंस!"

मला ठाऊक नव्हतं म्हणालो.

"ठाऊक करून घ्यावं लागतं. आपल्याला देव न्हाय म्हणून कवडी शिंपली होत न्हाय, मच्छिंद्रा. ज्याच्या गळ्यात होती त्याला इचार."

मला कुणी नाचवत नाही दादा, मीच नाचतो — हे ओठावर आलं होतं. बरं झालं बोललो नाही.

हैद्राबादला जावंसं वाटतंय. असंच होतं. काही बिघडलं की मला एस्टी दिसायला लागते.

१६ मार्च

गेलो नाही. कार्यक्रमाला नाव नसतं तर गेलो असतो, हे पण खरं.

१८ मार्च

काल कवड्या काढायला बसलो. ब्लेडनं दोरा ओढत होतो. शिवायला दोन दिवस गेले, उसवायला त्याहून जड. आत्या मागं येऊन उभी राहिली कधी, कळलंच नाही.

"ओढू नको. साटीन फाटंल. आण हिकडं."

ब्लेड घेतलं आणि समोर बसली. एकेक टाका उचलून कापायला लागली. मी कवड्या टोपल्यात टाकत होतो, आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घातलं. तिनं ते बघितलं.

"माझ्याच गाठी," म्हणाली. "पक्क्या मारल्यात मेल्यानं."

दोन लड्या सुटल्यावर म्हणाली — "तुला नाच म्हणून कोण म्हणलं रे?"

"कुणी न्हाय."

"नवस-बिवस?"

"न्हाय गं."

"पैसं देत्यात?"

"कारखानावाले? चहा देतील."

"मग कशाला नाचतोस?"

मला कधी असं कुणी विचारलंच नव्हतं. "बरं वाटतं," म्हणलं.

ती थांबली. ब्लेड हातातच. "बरं वाटतं," असं नुसतं परत म्हणाली. नवीन गावाचं नाव ऐकल्यासारखं. मग पुढची गाठ कापली.

दादा आले. टोपलं बघून म्हणाले, "दे, विहिरीत टाकून येतो."

"विहिरीला पाणी कुठाय?" आत्या म्हणाली. "पडल्या तर वाजतील."

दादांनी टोपलं तसंच उचलून सायकलला लावलं. आज सकाळी कामावर गेले तेव्हा जोत्याचा भराव चालू होता. कवड्या भरावात गेल्या, वरनं मुरूम, वरनं धुमसानं चोपून घट्ट. संध्याकाळी एवढंच सांगितलं.

"आन कार्यक्रमाचं?" मी विचारलं.

"मला इचारू नको." हो पण नाही, नको पण नाही.

२४ मार्च

पट्टा परत मुका. लड्या लोंबतात नुसत्या. मणी मिळत नाहीत, वेळ नाही, पैसे नाहीत. वीरप्पाला म्हणलं, माझं नाव काढ. तो कन्नडमधनं काहीतरी घाण बोलला. अर्थ कळला!

२८ मार्च

वीरप्पानं पिशवी आणून माझ्या पुढ्यात उपडी केली. वायसर! वर्कशॉपच्या भंगारातले पितळी वायसर, बारके-मोठे, एकेकाला आयतं भोक. रॉकेलमध्ये धुतले, राखेनं घासले — सोन्यासारखे. आणि आवाज! कवडीसारखा नाही. बारीक, किणकिणता, पुढं पळणारा.

आत्याला आधीच विचारलं. शहाणा झालो. एक वायसर दुसऱ्यावर आपटून दाखवला.

"हे कशाचं?"

"साखरेच्या मशीनचं."

"कुणाच्या देवाला लागतं का?"

"न्हाय."

"मग लाव. मला चार दे, त्या टोकाच्या लड्या मी करते."

३ एप्रिल

झालं. पुरं झालं! चोळी, झगा, पट्टा. आत्यानं टोकाच्या लड्या केल्यात त्या माझ्यापेक्षा सरळ. बसप्पा मास्तरांनी हुक तपासले, एक उलटा निघाला. "स्टेजवर सुटला असता तर कारखान्याची साखर फुकट वाटावी लागली असती," म्हणाले.

७ एप्रिल

नाचलो. काल.

संध्याकाळी सहाला, उजेड होता अजून. ऊसतोडीच्या गाड्यांचं अंगण, खाली सगळी चिपाडं. टेपवर वीरप्पा. पहिल्या झटक्याला शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "वैनी, पोटाला ऊन लागंल!" मी पण हात जोडून नमस्कार केला, आणखी हसले. पण मग मधी एक असं झालं की टेप फरफरला, आवाज गेला, आणि नुसता पट्टाच वाजत राहिला. मी थांबलो नाही. लोक गप झाले. नुसता तोच आवाज. किती वेळ — दोन मिनिटं? मला वाटलं हे संपूच नये.

दादा आले नाहीत. माहीत होतं. पण मागं, हमीवरच्या बायांमध्ये आत्या उभी होती. पदर तोंडाला.

आत्या आणि मी घरी चालत आलो. दोन कोस. पट्टा माझ्या पिशवीत, पावलागणिक वाजत होता.   आपलं घर दिसायला लागल्यावर म्हणाली —

"वळतोस तवा तुझी टाच टेकत न्हाय."

"काय?"

"टाच. आधी टाच, मग कंबर. तू कमरंपासनं वळतोस. धापा टाकतोस म्हणून."

मी थांबलो. ती पुढं चालत गेली.

८ एप्रिल

टाच टेकवून बघितली. बरोबर आहे.

११ एप्रिल

दुपारी विटा संपल्या म्हणून दादांनी घरी पाठवलं. दाराला आतनं कडी. आत पट्टा वाजत होता — थांबत, परत धरत, आधी हळू, मग न थांबता. मी हाक मारली. आवाज थांबला. "थांब जरा," आत्या आतनं म्हणाली, "माझं व्हायचंय अजून." परत वाजायला लागला. मी उंबऱ्याबाहेर बसून राहिलो.

संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, "तो पट्टा दोन बोटं वाढव. मला आवळतोय."